आजोबांच्या जहाजाचं मॉडेल? आधी साल पक्कं करा

घरातलं कुणी ज्या युद्धनौकेवर होतं तिचं मॉडेल करायचंय? मग किट उघडण्याआधी त्यांच्या सेवेचं साल पक्कं करा. नौका तीच, पण मोठ्या दुरुस्तीनंतर तिचं रूप पालटतं. अमेरिकेची ‘मिसूरी’ १९४५ साली विमानविरोधी तोफांनी गच्च भरलेली होती. १९८६ साली पुन्हा सेवेत आली ती टोमाहॉक क्षेपणास्त्रं घेऊन. सेवेच्या कागदांवरच्या तारखा आणि डेकवरचे जुने फोटो जुळवून पाहा. फोटोत माणसाच्या मागचं बघा: रडार, बोटी, रेलिंग. रंग मात्र कृष्णधवल फोटोवरून ठरवू नका, हमखास फसाल. १:३५० मापात पावणेदोन मीटरचा माणूस जेमतेम ५ मिलिमीटर भरतो. तेवढा एकच, त्यांच्या ड्युटीच्या जागी, चिमट्याने चिकटवा.