पुनर्वसन इमारतीचा ताबा देताना या चुका टाळा

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ पासून राबवली जात आहे. या काळात झोपडीधारकाला मिळणाऱ्या मोफत घराचे चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले. घर केवढे असावे यावर जितका खल झाला, तितका ते घर दहा वर्षांनी कोण आणि कशाच्या जोरावर चालवणार यावर झाला नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाले, घरांची सोडत निघाली, चाव्या वाटल्या की काम संपले, असे विकासक, अभियंते आणि कित्येकदा गृहनिर्माण संस्थेची समितीही धरून चालते. ताब्यानंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच समजुतीत आहे.

सर्वांत महागात पडते ती हिशेबाची चूक. विकासकाने प्रत्येक पुनर्वसन घरामागे देखभाल निधी जमा करावा लागतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीत ही रक्कम मुळात ४०,००० रुपये ठरवली होती. ‘फंडाच्या व्याजात सगळे भागेल’ असा दिलासा रहिवाशांना दिला जातो, पण कागदावर आकडेमोड केली तर तो टिकत नाही. त्या दराने शंभर घरांच्या इमारतीचा निधी ४० लाख होतो. त्यावर ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला २ लाख ८० हजार, म्हणजे घरामागे महिन्याला जेमतेम २३३ रुपये हाती येतात. लिफ्टचा वार्षिक करार, पंप आणि जिन्यातील दिव्यांचे वीजबिल, टाक्यांची सफाई आणि झाडलोट एवढ्यात बसणे कठीण आहे. म्हणून मासिक खर्चाचा अंदाज ताब्याआधीच सर्वसाधारण सभेत बाबवार मांडावा आणि वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्यावी. रोजंदारीवर चालणाऱ्या कुटुंबाला दरमहा थोडी रक्कम देता येते, पण वर्षभराची थकबाकी एकदम भरता येत नाही. लिफ्ट बंद पडल्यावर मग दहाव्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरातच अडकून पडतात.

दुसरी चूक म्हणजे ओल कुठून येते हे न शोधताच पुट्टी आणि रंग मारणे. यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात, कारण पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो. आधी ओल कोणत्या महिन्यांत दिसते हे रहिवाशाला विचारावे. एप्रिल-मेमध्येही डाग ओलाच राहत असेल, तर दोष बहुधा नळजोडणीत किंवा वरच्या न्हाणीघरात असतो. केवळ पावसात वाढत असेल, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीच्या कडा आणि गच्ची तपासावी. न्हाणीघराचा संशय असल्यास वरच्या घरातील नहाणीचे, म्हणजे लादीवरचे पाणी वाहून जाण्याच्या जागेचे, तोंड बंद करून लादीवर रंगीत पाणी रात्रभर साठवावे आणि सकाळी खालचे छत पाहावे. पाच माणसांचे कुटुंब एकाच न्हाणीघरावर चालते, त्यामुळे त्या रात्रीची पर्यायी सोय आधी करून द्यावी, नाहीतर तपासणीला दार उघडले जात नाही आणि दोष रहिवाशाच्या माथी मारला जातो. डक्टमध्ये, म्हणजे पाईप नेण्यासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत, माणूस उतरून पाईपचे सांधे पाहू शकेल एवढी वाट असावी, हे मात्र नकाशातच ठरवावे लागते.

कधी गळती कुठेच सापडत नाही, तरी कपाटामागे बुरशी येते. स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळणारे कपडे यांची दमट हवा बाहेर जात नसते. अशा वेळी ‘खिडक्या उघड्या ठेवा’ असा उपदेश करण्यापूर्वी त्या खिडकीबाहेर काय आहे ते पाहावे. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या प्रकल्पबाधितांच्या वसाहतींत काही इमारतींमधले अंतर अवघे तीन मीटरच्या आसपास आहे. तेथील क्षयरोगाचा संबंध खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा न पोहोचण्याशी असल्याचे अभ्यासातून पुढे आले. ही चूक ताब्यानंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणूनच ती माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. नियमातील सवलत मिळते आहे म्हणून अंतर कमी करणाऱ्याने तळमजल्यावरच्या घरात दुपारी दिवा लावावा लागेल का, एवढे तरी तपासून पाहावे.

जिने आणि तळमजल्याची मोकळी जागा सामानाने भरू देऊ नये. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीला पहाटे आग लागली आणि त्यात किमान सात जणांचा जीव गेला. बातम्यांनुसार तळमजल्यावर कापडाच्या चिंध्या साठवलेल्या होत्या. छोट्या घरातून धंदा करणाऱ्यांचा माल कुठेतरी ठेवावाच लागतो, तेव्हा नुसती नोटीस लावण्याऐवजी त्यासाठी स्वतंत्र, बंदिस्त खोली आराखड्यात धरणे अधिक उपयोगाचे आहे.

शेवटची चूक कागदपत्रांची. मंजूर नकाशे, पाणी व सांडपाण्याच्या वाहिन्यांचे आराखडे, लिफ्टचा परवाना, अग्निशमन यंत्रणेची कागदपत्रे आणि पंपाची हमीपत्रे समितीला मिळाली नाहीत, तर प्लंबरला प्रत्येक गळतीसाठी अंदाजाने भिंत फोडावी लागते. हे सर्व एका फाइलमध्ये पोच घेऊन द्यावे, आणि ती फाइल हाती येईपर्यंत समितीने हस्तांतराच्या कागदावर सही करू नये.