वर्डप्रेस अपाचेवरून एनजिनएक्सवर हलवताय? या चुका टाळा

मुखपृष्ठ छान उघडतं, पण कुठल्याही लेखावर क्लिक केलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. साइट अपाचे या वेब सर्व्हरवरून एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर हलवली की बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग प्लगइन बंद करून बघ, थीम बदलून बघ, डेटाबेस पुन्हा इम्पोर्ट कर, असा खटाटोप सुरू होतो. वर्डप्रेसला काहीही झालेलं नसतं. बदललेला असतो तो सर्व्हर.

वर्डप्रेस आपले परमालिंकचे (लेखांच्या कायमच्या पत्त्यांचे) नियम एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलीत लिहितं. अपाचे ती वाचतो, एनजिनएक्स वाचतच नाही. तक्रारही करत नाही. फाइल जागेवर दिसते, म्हणून नियम लागू आहेत असं आपण धरून चालतो.

परमालिंक पुन्हा पुन्हा सेव्ह करणं

४०४ आला की परमालिंक पुन्हा सेव्ह करा, हा सल्ला अपाचेपुरता खरा, कारण तिथे सेव्ह केल्यावर फाइल नव्याने लिहिली जाते. एनजिनएक्सवर नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्येच (सेटिंगच्या फाइलीतच) द्यावा लागतो. तिथे ट्राय-फाइल्सची एक ओळ पुरते: आधी त्या नावाची फाइल बघ, मग फोल्डर, नाहीतर विनंती इंडेक्स डॉट पीएचपीकडे (वर्डप्रेसच्या पीएचपी भाषेतल्या मुख्य फाइलीकडे) दे. शेवटी आर्ग्स जोडायला विसरू नका. ते राहिलं तर लेख उघडतात, पण पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग पीएचपीपर्यंत पोचत नाही आणि एखादं प्लगइन विनाकारण बिघडल्यासारखं वागतं. बदल केला की आधी कॉन्फिग टेस्ट, मगच रीलोड.

लेख उघडले म्हणजे काम झालं असं समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ४०४ निदान दिसतो तरी. सुरक्षेचे नियम गेले तर काहीच दिसत नाही. कित्येक सिक्युरिटी प्लगइन आपली बंधनं एचटीअ‍ॅक्सेसमध्येच लिहितात. द्रुपल ही वर्डप्रेससारखीच प्रणाली, ते तर अपलोडच्या फोल्डरमध्ये स्वतःहून अशी फाइल ठेवतं, म्हणजे कुणी तिथे स्क्रिप्ट चढवली तरी ती चालू नये. एनजिनएक्सवर ती फाइल असून नसल्यासारखी.

तपासायला वेळ लागत नाही. अपलोड्स फोल्डरमध्ये 'नमस्कार' छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ आला तर ठीक. पानावर 'नमस्कार' दिसला तर तिथे कुणाचीही स्क्रिप्ट चालू शकते. चाचणी झाल्यावर ती फाइल न विसरता काढून टाका. अशा स्क्रिप्ट अडवणारा लोकेशन ब्लॉक (कॉन्फिगमधला ठरावीक पत्त्यांसाठीचा नियम) पीएचपीच्या सर्वसाधारण ब्लॉकच्या वर लिहा. रेग्युलर एक्सप्रेशनच्या (नमुन्यावरून पत्ते जुळवणाऱ्या) ब्लॉकांमध्ये जो आधी जुळतो तोच एनजिनएक्स घेतो, त्यामुळे खाली लिहिलेला नियम वाया जातो.

याहून वाईट प्रकार म्हणजे पीएचपीचा ब्लॉक लिहिण्याआधीच डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवणं. मग पीएचपी फाइल चालत नाही, सरळ डाउनलोड होते. त्यात डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंगची फाइलही आली, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड उघड्यावर. असं थोडा वेळ जरी झालं असेल, तरी पासवर्ड आणि त्या फाइलीतल्या सिक्युरिटी कीज लगेच बदला.

४१३ आणि ५०२

फोटो चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) येतो, कारण एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे. पीएचपीची मर्यादा कितीही वाढवा, क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ वाढवल्याशिवाय फरक पडत नाही. ५०२ (मागच्या प्रोग्रामकडून नीट उत्तर नाही) आला तर पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी सेवा, चालू आहे का ते बघा, आणि कॉन्फिगमधला सॉकेटचा (तिच्याशी जोडणीचा) पत्ता बसवलेल्या पीएचपीच्या आवृत्तीशी जुळतो का तेही. एरर लॉगमध्ये बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं.

सर्व्हर हातात नसताना एनजिनएक्सचा हट्ट

होस्टिंगवाला कॉन्फिगला हात लावू देत नसेल तर अपाचे किंवा लाइटस्पीड या वेब सर्व्हरवरच राहा. लाइटस्पीड एचटीअ‍ॅक्सेस वाचतो. त्याची मुक्त आवृत्ती ओपनलाइटस्पीड मात्र त्यातले फक्त रीराइटचे (पत्ते वळवण्याचे) नियम घेतो, म्हणून अपलोड्सची वरची चाचणी तिथेही करा. विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर असाल तर यूआरएल रीराइट मॉड्यूल आणि वेब-कॉन्फिग फाइल लागेल.