युरोपला लेकराकडं निघालाय? मग युरोचं एवढं करून ठेवा

आपल्या सांगली, मिरज, साताऱ्याकडची लई पोरं आता जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडला आहेत आणि त्यांच्याकडं आई-बाबा पण जायला लागलेत. व्हिसा, विमा, स्वेटर, चटण्या सगळ्याची तयारी महिनाभर चालते आणि पैशाचं मात्र "विमानतळावर घेऊ की" म्हणून सोडून देतात. तसं करू नका, विमानतळावरच्या काउंटरचा रेट बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतो आणि घाईत कोण मोजत बसत नाही.

पहिलं काम म्हणजे एक कागद घ्या आणि कुठल्या कुठल्या देशात पाय ठेवणार ते लिहून काढा. कारण गोंधळ इथंच होतो, लोकांना वाटतं शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं तो) मिळाला म्हणजे सगळीकडं युरो चालणार, पण शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि युरो वापरणारे युरोपियन युनियनचे देश २१, आणि या दोन याद्या एक नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण तिथं फ्रँक. प्रागला गेलात तर चेक कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, पोलंडला झ्लॉटी, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेला आपापले क्रोन. उलट आयर्लंडला युरो चालतो पण शेंगेन व्हिसा चालत नाही, तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, डब्लिनला पोरगं असेल तर हे आधी बघा. आणि यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून ठरवू नका, क्रोएशिया २०२३ मध्ये युरोत आला आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२६ ला, जुन्या व्हिडिओत तिथलं जुनंच चलन सांगतात.

नेहमीची टूर असते ना, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, स्वित्झर्लंड, मग व्हेनिस-रोम, त्यात स्वित्झर्लंड सोडलं तर सगळीकडं एकच नोट चालते. युरोच्या नोटा-नाणी १ जानेवारी २००२ ला लोकांच्या हातात आली, त्याआधी हीच टूर केली असती तर फ्रेंच फ्रँक, बेल्जियन फ्रँक, गिल्डर, मार्क, लिरा असं दर सरहद्दीला पैसे बदलायचे आणि दर वेळी थोडे कापून घ्यायचे. ज्या देशांनी एकमेकांशी दोन महायुद्धं केली त्यांनी आपापलं चलन सोडून एक चलन घेतलं ही मला खरंच फार मोठी गोष्ट वाटते. आणि घरात कुणी जुने जर्मन मार्क जपून ठेवले असतील तर टाकू नका, जर्मनीची मध्यवर्ती बँक ते अजून बदलून देते आणि त्याला मुदत नाही. लिरा आणि फ्रेंच फ्रँक मात्र आता कोण घेत नाही.

आता घ्यायचे कसे. तुमच्या बँकेत किंवा लायसन असलेल्या मनी चेंजरकडं पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन घेऊन जायचं. गावातल्या शाखेत युरो तयारच असतील असं धरून चालू नका, आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर शेवटी पुण्याला पळापळ होते. दोन-तीन ठिकाणी रेट विचारा, पण विचारताना "सगळं धरून हातात किती युरो पडणार" असंच विचारा, कारण नुसता रेट चांगला सांगून वर चार्ज आणि जीएसटी लावतात. पन्नास हजार रुपयांच्या वर घेणार असाल तर रोख चालत नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यावे लागतात. रोख परकीय नोटा एका ट्रिपला ३००० डॉलरच्या किमतीएवढ्याच मिळतात, बाकीचे कार्डवर. आणि आधी डॉलर घेऊन तिकडं युरो करू असा सल्ला कोण दिला तर ऐकू नका, दोनदा बदलायचं म्हणजे दोनदा कापून घ्यायचं.

नोटा घेताना १०, २० आणि ५० च्याच मागा. १०० ची एखादी चालेल, पण २०० ची नोट छोट्या दुकानात घेत नाहीत, आणि ५०० ची तर २०१९ पासून छापून देणंच बंद झालंय, ती अजून कायदेशीर आहे पण ती मोडायला बँक शोधत फिराल. नोटा सगळ्या देशांत एकसारख्या असतात, नाण्यांची एक बाजू मात्र प्रत्येक देशाची वेगळी, त्यामुळं ग्रीसचं घुबड असलेलं एक युरोचं नाणं जर्मनीत मिळालं तर घाबरू नका, ते चालतं. नाणी तिथं उतरल्यावर पहिल्या सुट्ट्यातून जमवून ठेवा, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुपरमार्केटच्या ट्रॉलीला एक युरोचं नाणं अडकवावं लागतं (ट्रॉली जागेवर लावली की परत मिळतं).

बाकी रक्कम फॉरेक्स कार्डवर (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) युरोमध्ये भरा, स्वित्झर्लंड असेल तर थोडे फ्रँक वेगळे भरा, नाहीतर युरोचं कार्ड तिथं वापरलं की वरून चार्ज लागतो. तिथली काही दुकानं युरोची नोट घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि रेट त्यांचा. तुमचं नेहमीचं डेबिट कार्ड नेणार असाल तर परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करा, तो आपोआप चालू नसतो.

आणि हे नीट वाचा. कार्ड मशीनमध्ये घातलं की स्क्रीनवर विचारतात, रुपयात द्यायचे का युरोत. रुपये दिसले की आपल्या माणसाला बरं वाटतं आणि बोट तिकडंच जातं. कायम तिथलं चलन म्हणजे युरो दाबा (स्वित्झर्लंडला फ्रँक), दुकानात पण आणि एटीएमला पण. रुपये दाबले की दुकानदाराकडची मशीनची कंपनी स्वतःचा रेट लावते आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो. एटीएमला तर "या रेटला मान्य आहे का" म्हणून परत परत विचारतात, तिथं नाहीच म्हणायचं, पैसे तरी पण येतात. आईला मोबाईलवर फोटो काढून दाखवून ठेवा की स्क्रीन कशी दिसते. एटीएम पण बँकेच्या इमारतीतलं बघा.

यूपीआय २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटाला सुरू झालंय खरं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जर्मनीत छोट्या बेकरीत अजून रोखच लागते, नेदरलँड्समध्ये उलट बऱ्याच ठिकाणी फक्त कार्ड.

किंमत वाचताना तिकडं बहुतेक देशांत (आयर्लंड, स्वित्झर्लंड सोडून) पॉइंटच्या जागी स्वल्पविराम असतो, ३,५० म्हणजे साडेतीन युरो. १.२५० दिसलं तर ते सव्वा नाही, बाराशे पन्नास आहेत. हिशेबाला सोपं म्हणून एक युरोला शंभर रुपये पकडा, खरा रेट त्या दिवशी बघा. पण पाण्याच्या बाटलीला पण शंभरने गुणत बसू नका, बाबा लोक हेच करतात आणि दिवसभर उपाशी फिरतात.

१०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तिकडच्या कस्टमला सांगावं लागतं, एवढे आपण नेतच नाही. कस्टमचं निघालंच आहे तर, साताऱ्याचे कंदी पेढे बॅगेत घालू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला तिकडं बंदी आहे. बेदाणे थोडे न्या.

परत येताना उरलेली नाणी तिकडंच संपवा, इथं मनी चेंजर नाणी घेत नाहीत. नोटा १८० दिवसांच्या आत बँकेत परत द्यायच्या असतात, २००० डॉलरच्या किमतीएवढ्या जवळ ठेवता येतात, पुन्हा जायचं असेल तर २० च्या ठेवा आणि मोठ्या परत द्या. खरेदीची पावती मात्र फेकू नका, परत देताना मागतात.