गावात कारा वाढल्या, एसटी कमी झाली: दोन्हीचा मेळ कसा बसवायचा

राजेहो, कार वाईट अन् एसटी चांगली असं काही नसते. रात्री पेशंट न्यायचा असला तर कारच लागते. पण तालुक्याच्या कॉलेजले रोज एकाच वेळी जाणारी पोरं वेगवेगळ्या मोटरसायकलीनं जाऊन राहिली असतील तर तिथं बसचं काम आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बनते तेव्हा रस्ता-नाली लिहून मोकळं होऊ नका, एसटी अन् गाड्यांचा हा मेळही त्यात टाका.

सुरुवात वहीपासून करा. बाजाराचा दिवस धरून एक आठवडा फाट्यावर दोन पोरं बसवा, कोण कुठं चाललं, कायनं चाललं अन् परत किती वाजता येणार, एवढंच लिहून घ्या. परतीचं विचारायले लोकं विसरतात अन् सगळी गडबड तिथंच होते. समजा परतीची गाडी ४ ची आहे अन् प्रॅक्टिकल सुटते ५ ले, तर तो पोरगा सकाळची एसटी रिकामी असली तरी मोटरसायकलच काढते, कारण संध्याकाळी घरी यायले दुसरं काही नाही. मग सकाळचं भारमान, म्हणजे गाडीतल्या किती सीटा भरल्या तो हिशोब, पडते, डेपोवाले म्हणतात प्रवासीच नाही, अन् फेरी बंद. म्हणून मागायची तर आधी परतीची गाडी मागा. मुक्कामी गाडी भेटली तर सगळ्यात बेस्ट, संध्याकाळी उशिरा येते अन् सकाळी लवकर निघते. पण ड्रायव्हर-कंडक्टरले झोपायले धड खोली, पंखा, पाणी, संडास पाहिजे, त्याची सोय गावानंच करावी. डासात झोपवलं तर कोण खुशीनं येईन?

आता रस्ता. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचा डांबरी पट्टा बहुतेक ३.७५ मीटरचा असते. बस अडीच मीटर, कार पावणेदोनच्या आसपास, म्हणजे डांबरावर एक कार उभी असली की बस अडकली. सोयाबीनच्या दिवसात ट्रॉल्या उभ्या असतात तेव्हा तर विचारूच नका, ड्रायव्हर फाट्यावरूनच गाडी वळवते. साइडपट्टीवर मुरूम टाका, चौकातल्या कारा-ट्रॉल्यांसाठी वेगळी जागा ठरवून द्या, अन् बस वळवायले शाळेजवळ किंवा देवळाजवळ मोकळी जागा राखा, एका झटक्यात वळवायची तर २५ मीटरच्या आसपास लागते. कारवाल्यांची नाराजी होईन, होऊ द्या.

गाव फाट्यापासून आत असलं अन् बस आत येतच नसली तर फाट्यावर शेड अन् मोटरसायकल लावायले सावली करा. म्हणजे मोटरसायकल फाट्यापर्यंत अन् पुढं एसटी, असं लोकं स्वतःहून करतात. काळी-पिवळी जीपवाल्यांशी अन् ऑटोवाल्यांशी भांडू नका, पण बसच्या धा मिनिटं आधी सीटा भरून नेत असतील तर बसवून बोला, दुपारी बस नसते तो टाइम त्यांचा.

मग ग्रामसभेचा ठराव, वहीतले आकडे, कॉलेजच्या पोरांची यादी जोडून अर्ज आगार व्यवस्थापकाले, कॉपी विभाग नियंत्रकाले, पोच घ्या. नुसतं "गावाले बस पाहिजे" लिहू नका, टाइम लिहा. बायांले १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांले फुकट, हे घरोघरी सांगा, तालुक्याले जाऊन यायले कारचं किती पेट्रोल जाते त्याचा हिशोबही सांगा. दारव्ह्याकडं शकुंतला रेल्वे बंद पडली ती काही परत धावून नाही राहिली, एकदा गेलेली सेवा परत आणणं लय जड जाते.

अन् एक, उन्हाळ्यात पोरं नसतात, भारमान पडणारच. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून सुटीत फेरी कमी केली तरी शाळेच्या पहिल्या दिवसापासून ती पूर्ववत पाहिजे, हे पहिल्याच अर्जात लिहून टाका.