'कीते' ही चूक नव्हे : ग्रीक थडग्यांवरचे लेख वाचायला शिकताना

ग्रीक भाषा आली की ग्रीक शिलालेख वाचता येतील, असं मला वाटायचं. दोन वर्षं अभिजात ग्रीक शिकून इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या एका थडग्याचा फोटो समोर घेतला आणि पहिल्याच ओळीत अडले. शब्दांमध्ये जागा नाही (मोडी वाचणाऱ्यांना याची सवय असते), सिग्मा (ग्रीक 'स') पुस्तकातल्यासारखा नाही तर रोमन 'सी'सारखा अर्धगोल. 'इथे विसावला आहे' हे नेहमीचं 'एन्थादे केइताइ' शोधत होते, तर दगडावर होतं 'एन्थादे कीते'. मी ते 'दुरुस्त' करून वाचन सादर केलं.

प्राध्यापक बाई एवढंच म्हणाल्या, "दगडावर आहे तसं मोठ्याने वाच."

तोवर ग्रीक उच्चार बदलले होते. 'एइ'चा 'ई' झाला होता, 'आइ'चा 'ए'. ऱ्हस्व-दीर्घ 'ओ'मधला फरकही कानाला उरला नव्हता. आपण 'कि' आणि 'की' बोलताना सारखंच म्हणतो आणि लिहिताना गोंधळतो, तसंच. पाथरवटाने ऐकलं ते कोरलं. ते पुसलं तर त्या माणसाचा आवाजच पुसला जातो. म्हणून आधी दगडावरचं जसंच्या तसं उतरवायचं. तुटलेल्या जागी आपण भरलेली अक्षरं चौकोनी कंसात घालायची. ही लायडन चिन्हपद्धती १९३१ पासून रूढ आहे, ती पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

सुरुवात कोरिकोसपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या किझकालेसीजवळ, दगडी शवपेट्यांवर शेकडो छोटे ख्रिस्ती लेख आहेत. बहुतेकांत 'सोमातोथीकी' म्हणजे 'देहपेटी', मग षष्ठीत, म्हणजे 'अमक्याची' असं, नाव आणि पुष्कळदा धंदा : कुंभार, सोनार, वाइन विकणारा. राजेरजवाडे नाहीत, बाजारपेठेतली माणसं आहेत. असे वीसेक लेख वाचले की षष्ठी विभक्ती हातात बसते. पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटचा लेखसंग्रह इंटरनेटवर फुकट आहे. अडलेला शब्द तिथे शोधला की जोडीदार लेख सापडतात.

कालगणनेसाठी मात्र मृत समुद्राच्या दक्षिणेचं झोअर. तिथल्या थडग्यांवर वय, वर्ष, महिना, कधी वारसुद्धा दिलेला असतो. वर्ष रोमन साम्राज्यातल्या अरेबिया प्रांताच्या शकाचं, २२ मार्च १०६ पासून मोजलेलं. त्यामुळे 'वर्ष ३००' म्हणजे इ.स. ४०५-०६. नुसतं 'इंडिक्शन' असेल तर घाई करू नका, ते १५ वर्षांचं चक्र आहे आणि कितवं चक्र ते दगड सांगत नाही.

आणि फोटोवर विसंबू नका. दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून घेतलेला ठसा किंवा अंधारात बाजूने धरलेला टॉर्च बरंच काही दाखवतो. ग्रीक लेखांत आकडेही अक्षरांनीच लिहीत. एका लेखात मृताचं वय मी लॅम्डा वाचलं होतं, म्हणजे ३०. संग्रहालयाच्या कोठारात टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरला, तर चुन्याच्या थराखाली अक्षराच्या तळाशी एक बारीक आडवी रेघ उठून आली. लॅम्डा नव्हता, डेल्टा होता. ते मूल ४ वर्षांचं होतं.