ड्रॅगनफ्लाय बीएसडीवर हॅमर२: स्नॅपशॉटच्या आधी पीएफएसचं ठरवा

ड्रॅगनफ्लाय बीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टम टाकायला घेतली की पहिला खरा निर्णय फाइलसिस्टमचा, म्हणजे डिस्कवर फाइल्स कशा ठेवायच्या त्या पद्धतीचा, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं पण हे बदलायचं तर डिस्क पुसून परत सुरुवात. झेडएफएस ही फाइलसिस्टम इथे नाहीये, त्यामुळे फ्रीबीएसडी या भावंड सिस्टमवरून येत असाल तर ती सवय बाजूला ठेवायची. उरतात तीन: यूएफएस, जुनं हॅमर आणि हॅमर२.

यूएफएसवर इथे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची फाइलसिस्टम गोठवून ठेवलेली प्रत, नाहीत, विषय संपला. जुनं हॅमर २००८ मध्ये २.० रिलीजबरोबर आलं आणि त्यातली एक गोष्ट मला अजूनही फार आवडते, ती म्हणजे साधारण ३० ते ६० सेकंदांच्या अंतराने फाइलचा इतिहास आपोआप राहतो आणि अनडू कमांडने जुनी आवृत्ती काढता येते, स्नॅपशॉट घेतलेला असो वा नसो. पण त्याला रोज रात्री प्रूनिंग (जुना इतिहास छाटणं) आणि रीब्लॉकिंग (विखुरलेले ब्लॉक परत लावणं) लागतं, आणि ५० जीबीपेक्षा लहान डिस्कवर ते वापरू नका असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. हॅमर२ हे २०१७ च्या ५.० पासून आहे. कॉपी-ऑन-राइट (जुन्या डेटावर न लिहिता बदल नव्या जागी लिहिणं), एलझेड४ कॉम्प्रेशन आधीपासून चालू, लाइट गेली तरी नंतर एफएसचेक (fsck, डिस्क तपासणी) करत बसायला लागत नाही. तो आपोआप राहणारा इतिहास मात्र यात नाही, स्नॅपशॉट आपणच घ्यायचा. तरी आज नवीन मशीनवर मी हॅमर२ च टाकेन आणि तुम्हीही तेच टाका.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. हॅमर२ चा स्नॅपशॉट फोल्डरचा नसतो, अख्ख्या पीएफएसचा असतो, म्हणजे पार्टिशनच्या आत केलेल्या, वेगळी माउंट होणाऱ्या स्वतंत्र फाइलसिस्टमचा. एकाच पार्टिशनवर कितीही पीएफएस करता येतात आणि रिकामी जागा सगळ्यांची सामायिक असते, म्हणजे आकार ठरवायची कटकट नाही. मग होम, डेटाबेस, बिल्डचा कचरा हे सगळं रूटमध्येच, म्हणजे सिस्टमच्या मुख्य पीएफएसमध्येच, कोंबलं तर काय होतं? अपग्रेड बिघडलं म्हणून रूट मागे नेलं की होमसुद्धा मागे जातं, आणि दोन दिवसांचं काम गायब. म्हणून होमला वेगळा पीएफएस करा. हॅमर२ च्या पीएफएस-क्रिएट कमांडला लेबल द्यायचं, मग एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) डिव्हाइसचं नाव, ॲट चिन्ह आणि ते लेबल अशी ओळ टाकायची, झालं. बिल्ड आणि टेंपररी फाइल्सही वेगळ्या, नाहीतर प्रत्येक स्नॅपशॉट तो कचरा धरून बसतो.

स्नॅपशॉट घ्यायला रूट युजर म्हणून हॅमर२ कमांडला स्नॅपशॉट सांगायचं, पुढे पाथ, मग लेबल. लेबल नाही दिलं तर पीएफएसच्या नावाला तारीख-वेळ जोडून तो स्वतः देतो, पण अपग्रेडच्या आधी घेताय तर तसं नाव द्याच, महिन्याभराने पीएफएस-लिस्टमध्ये नुसते आकडे बघून काही कळत नाही. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रोज घ्यायचा असेल आणि लेबलमध्ये तारीख हवी असेल तर टक्के चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश टाका, कारण क्रॉनटॅब या त्याच्या यादीत नुसतं टक्के चिन्ह म्हणजे नवीन ओळ आणि कमांड अर्ध्यातच तुटते. माझा क्रॉन यामुळेच कितीतरी दिवस काहीच करत नव्हता आणि मला ते कळलं फाइल परत हवी होती तेव्हा.

परत मिळवायचं तर स्नॅपशॉट माउंट करून फाइल कॉपी करा, पण रीड-ओन्ली माउंट करा, कारण हॅमर२ चे स्नॅपशॉट लिहिता येण्यासारखे असतात आणि चुकून आत काहीतरी बदललं तर तो स्नॅपशॉट कशाचा राहिला? याचाच फायदा मात्र रोलबॅकला, म्हणजे सिस्टम मागे न्यायला, होतो. बूटच्या सेटिंग्जच्या लोडर.कॉन्फ फाइलमधली रूट कुठून माउंट करायचं ती ओळ आणि एफएसटॅबमधली रूटची ओळ, दोन्हीकडे स्नॅपशॉटचं लेबल टाकून बूट केलं की जुनी सिस्टम समोर. फक्त एक सांभाळा. बूट डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर असते, कर्नल (सिस्टमचा गाभा) तिथेच असतो आणि रूटच्या स्नॅपशॉटमध्ये तो येत नाही, म्हणजे जुनं रूट आणि नवा कर्नल अशी विजोड जोडी होऊ शकते. अपग्रेडच्या आधी बूटची कॉपी बाजूला काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता जागा. फाइल्स उडवल्या, डीएफ कमांडने रिकामी जागा बघितली, आकडा तसाच. घाबरू नका, ब्लॉक लगेच मोकळे होत नाहीत, त्यासाठी हॅमर२ चं बल्कफ्री चालवावं लागतं आणि बऱ्याचदा दोनदा, कारण पहिल्या फेरीत ब्लॉकवर नुसती खूण होते आणि दुसऱ्या फेरीत तो खरा सुटतो. आणि जुन्या स्नॅपशॉटने ते धरून ठेवले असतील तर आधी पीएफएस-डिलीट करा, नाहीतर दहादा चालवून उपयोग नाही. डिस्क अगदी काठोकाठ भरायची वाट बघू नका.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. जुन्या हॅमरमधलं मिरर-स्ट्रीम (दुसऱ्या डिस्कवर सतत प्रत पाठवणं) हॅमर२ मध्ये नाही, म्हणून मी स्नॅपशॉट माउंट करून त्यातून सीपीडप या कॉपी करायच्या कमांडने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो, म्हणजे कॉपी चालू असताना फाइल्स बदलत नाहीत. सीपीडप दुसरीकडचं जास्तीचं उडवतो पण उडवायच्या आधी विचारतो, आणि आय-शून्य (-i0) हा पर्याय दिला की विचारणं बंद होतं. पहिल्यांदा ते न देता हाताने चालवा, सोर्स आणि टार्गेट उलटे टाकले असतील तर तिथेच दिसेल.