खिळ्यावरचा बॅज: किरणोत्सर्ग सुरक्षेच्या कायद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी

बीएस्सी फिजिक्सनंतर मी वकिलीकडे वळले. एलएलबी झाल्यावर पहिली नोकरी लागली ती रुग्णालयांची परवान्याची कामं करणाऱ्या एका छोट्या सल्लागाराकडे. एक्स-रे आणि सीटी स्कॅन मशीनची माहिती एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, ई-लोरा पोर्टलवर भरायची, खोलीचा नकाशा जोडायचा आणि परवाना निघेपर्यंत पाठपुरावा करायचा. तेव्हा वाटायचं, यासाठी का कायदा शिकले? आता या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं वर्ष असंच काहीतरी करायला सांगते.

माझे डोळे उघडले ते एका तालुक्याच्या गावी. तिथल्या एक्स-रे टेक्निशियनच्या टीएलडी बॅजचा रिपोर्ट जास्त आला होता. छातीवर लावायचा हा छोटा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि त्या काळात माणसाला किती किरणोत्सर्ग लागला ते सांगतो. आपल्याकडे कामगारांसाठी मर्यादा आहे पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक), म्हणजे वर्षाला सरासरी 20. आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. मी नियमांची प्रत घेऊन चौकशीला गेले. टेक्निशियन काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, बॅज त्या खिळ्यालाच असतो. घरी नेला की हरवतो." खिळा एक्स-रे टेबलासमोरच्या भिंतीत होता. बॅज लेडच्या, म्हणजे शिशाच्या, ॲप्रनला टाचलेला आणि ॲप्रन दिवसभर तिथेच टांगलेला. तीन महिने आम्ही भिंतीला लागलेला डोस मोजत होतो. काकांना किती लागला, हे कायमचं कळायचं राहून गेलं.

2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत मालकाची, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची आणि कामगाराची अशा जबाबदाऱ्या वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. शब्दांत काहीच कमी नव्हतं. त्या दिवसापासून कुठलंही कलम वाचताना मी एकच प्रश्न विचारते: हे मोडलं तर कोणाला, कधी आणि कशावरून कळेल?

याच प्रश्नासह 2010 चं दिल्लीचं मायापुरी प्रकरण वाचा. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं, सुमारे पंचवीस वर्षं बंद पडलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. त्यांनी ते फोडलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं. म्हणजे यंत्र बंद पडलं तेव्हाच्या ताकदीच्या जेमतेम चार टक्के उरली असेल. तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव गेला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. अशा किरणोत्सर्गी सोर्सची विल्हेवाट कशी लावायची याचे नियम तेव्हाही होते. वापर थांबलेलं यंत्र मात्र सगळ्यांच्याच नजरेआड गेलं होतं.

आता दुसरी बाजू: नियामक स्वतः कशावर उभा आहे? 15 नोव्हेंबर 1983 ला एईआरबी स्थापन झालं ते 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखालच्या सरकारी आदेशाने, संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नाही. ते उत्तरदायी होतं अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. त्याच खात्याच्या कंपनीकडे अणुवीज केंद्रं. एईआरबीतल्या लोकांनी कामात कसूर केली असं मी म्हणत नाही. पण तपासणाऱ्याचं आसन ज्याला तपासायचं त्याच्या हातात नसावं, आणि हे कायद्यातच लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, सप्टेंबर 2011 मध्ये, स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं आणि ती लोकसभा संपताच बारगळलं. त्याआधी 2012 मध्ये एईआरबीच्या कामावर कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही नियामकाचं स्वातंत्र्य कायद्यात आणा असं सुचवलं. अखेर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर केला. त्याने 1962 चा कायदा आणि 2010 चा अणुदायित्व कायदा (अणु-अपघाताची भरपाई कोणी द्यायची ते ठरवणारा) या दोन्हींची जागा घेतली आणि एईआरबीला वैधानिक दर्जा दिला. दर्जा मिळाला म्हणजे स्वातंत्र्य मिळालंच असं नाही. नेमणूक कोण करतं, पैसा कुठून येतो, अहवाल कोणापुढे जातो, ती कलमं आधी काढून वाचा.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. कायद्याची पदवी असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुकायद्यावरच्या हँडबुकपासून सुरुवात करा, ती सगळ्यांना मोफत मिळते. कॅगचा तो अहवाल पूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका. तपासणी कशी करतात ते तिथे शिकायला मिळतं. एईआरबीच्या संहितांमध्ये 'शॅल' आणि 'शुड' यांतला फरक पक्का करा. पहिला बंधनकारक, दुसरा शिफारस. माझा पहिला मसुदा याच एका चुकीसाठी लाल होऊन परत आला होता. एमएस्सी फिजिक्सवाल्यांना भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. तो करून मग कायद्याकडे आलात तर तुमच्या शब्दाला वजन राहील, कारण मिलिसिव्हर्ट म्हणजे काय हे वकिलांना समजावणारी माणसं फार थोडी आहेत.

आणि भेटीला गेलात की संचालकांच्या केबिनमधला चहा आटोपता घ्या. जेवणाच्या सुट्टीत टेक्निशियनशेजारी डबा उघडा आणि बॅज कुठे ठेवता ते विचारा. त्या काकांच्या खोलीबाहेर आम्ही दुसरा खिळा ठोकला, हजेरीच्या वहीच्या वर. येताना सही करायची आणि बॅज छातीला लावायचा, जाताना काढून पुन्हा तिथेच अडकवायचा.